कृषिवनशेतीचा प्रसार कसा मोजावा?

शेताच्या बांधावर किंवा पिकांच्या पट्ट्यांमध्ये झाडे वाढवून एकाच जमिनीतून धान्य, चारा, सरपण व लाकूड घेण्याच्या पद्धतीस कृषिवनशेती म्हणतात. या विषयीचे राष्ट्रीय धोरण भारताने २०१४ साली जाहीर केले. परंतु एखाद्या गावी ही पद्धत कितपत रुजली, हे कसे ओळखावे?

वाटलेल्या रोपांची संख्या हे त्याचे उत्तर नव्हे. सुधारित बियाणे शेतकऱ्यास पसंत पडले की नाही, हे पुढच्या हंगामात कळते. झाडाचे तसे नाही. पहिले दोन-तीन उन्हाळे व मोकाट जनावरे यांतून रोप वाचले, तरच ते शेतात टिकले असे म्हणता येईल. यास्तव पाहणी त्याच शेतांची, दरवर्षी आणि एकाच महिन्यात करावी.

खातेदारांच्या यादीतून चिठ्ठ्या टाकून शेते निवडावीत. कोरडवाहू व बागायत, लहान व मोठी, झाडे असलेली व नसलेली, अशी सर्व प्रकारची शेते त्यांत यावीत. केवळ रस्त्यालगतची किंवा उत्साही शेतकऱ्यांची शेते पाहिल्यास चित्र खोटे उमटते. पाहणी मे महिन्यात करणे बरे. त्या वेळी सागाची पाने झडलेली असू शकतात. म्हणून साल नखाने किंचित खरवडून आत हिरवेपणा आहे की नाही ते पाहावे.

प्रत्येक शेताचा गट क्रमांक, झाडाची जात, लागवडीचे वर्ष व जिवंत झाडांची संख्या लिहावी. आपोआप उगवलेली व शेतकऱ्याने राखलेली बाभूळ, कडुनिंब यांसारखी झाडे निराळी मांडावीत. ती कोणत्याही वाटपाच्या यादीत नसतात. परंतु तीही कृषिवनशेतीच होय.

आता एक कल्पित उदाहरण घेऊ. निवडलेल्या ५० शेतांपैकी पहिल्या वर्षी २० शेतांत झाडे होती आणि पाचव्या वर्षीही २० शेतांतच आढळली. एकूण आकडा पाहणारा म्हणेल, काही बदल झाला नाही. परंतु गट क्रमांक ताडून पाहता, जुन्यांपैकी ८ शेतांतच झाडे टिकली व १२ शेते नवीन आली, असे दिसेल. म्हणजे १२ शेतकऱ्यांनी ही पद्धत सोडली. त्यांची कारणे समजून घेणे हेच पाहणीचे मुख्य काम होय.

कारण पाण्याचे असेल, तर जगविता येतील तेवढीच रोपे द्यावीत. सावलीने पीक खुंटत असेल, तर फांद्यांची छाटणी शिकवावी. शेजाऱ्याशी वाद असेल, तर लागवडीपूर्वी उभयतांची संमती घ्यावी. सागासारख्या झाडांच्या तोडीस महाराष्ट्रात १९६४ च्या कायद्यान्वये परवानगी लागते. त्या भीतीने कोणी रोपेच उपटली असतील, तर परवानगीची रीत समजावून द्यावी. मात्र तयार झाड तोडून विकले व त्या जागी नवे लावले, तर ते पद्धत सोडणे नव्हे.

शेतकरी बंधूंनीही मेलेली रोपे सांगण्यास संकोच करू नये. आकडा फुगविला, तर न जगणारी तीच रोपे पुढील वर्षी पुन्हा गावात येतील, आणि त्यांसाठी खणलेले खड्डे व घातलेले पाणी शेतकऱ्याचेच वाया जाईल.