‘परीक्षा पुढे ढकलली’ असा मेसेज आलाय? आधी बघा, विद्यापीठ कोणतं आहे!

ग्रुपवर एक फोटो येतो. वर विद्यापीठाचं बोधचिन्ह, खाली सही आणि शिक्का. मजकूर एवढाच की परीक्षा पुढे ढकलण्यात आल्या आहेत. पाच मिनिटांत तो फोटो सगळ्या ग्रुपवर फिरतो. कुणीतरी विचारतं, ‘खरंय का?’ उत्तर येतं, ‘खाली सही आहे ना!’

गंमत अशी की ती सही खरी असू शकते आणि तरीही तुमचा पेपर ठरलेल्या दिवशीच होऊ शकतो.

कारण खोट्या पत्रकाइतकंच नुकसान खऱ्या पत्रकानेही होतं. ते दुसऱ्याच विद्यापीठाचं असतं, मागच्या वर्षीचं असतं किंवा दुसऱ्याच अभ्यासक्रमाचं असतं. परभणी जिल्ह्यात गंगाखेड तालुक्यातल्या राणीसावरगावसारख्या गावातून बीए, बीकॉम करणाऱ्यांना ही चूक जास्त महाग पडते. त्यांचं विद्यापीठ नांदेडला, म्हणजे दुसऱ्या जिल्ह्यात. जाऊन विचारून येऊ म्हटलं तर अख्खा दिवस मोडतो, वर एसटीचं भाडं.

म्हणून हे सगळं एकदा नीट समजून घेऊया.

‘मराठवाडा विद्यापीठ’ म्हणजे नेमकं कोणतं?

इथेच सगळ्यात मोठा घोळ होतो. नावात ‘मराठवाडा’ असलेली तीन विद्यापीठं आहेत.

पहिलं छत्रपती संभाजीनगरचं डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ. ते १९५८ साली सुरू झालं आणि बरीच वर्षं अख्ख्या मराठवाड्याची कॉलेजेस त्याच्याकडेच होती. घरातली मोठी माणसं आजही नुसतं ‘मराठवाडा विद्यापीठ’ म्हणतात ते यालाच.

दुसरं परभणीचं वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ, स्थापना १९७२. इथे शेतीशी संबंधित अभ्यासक्रम चालतात.

तिसरं नांदेडचं स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ. १७ सप्टेंबर १९९४ ला, म्हणजे मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी, ते सुरू झालं. आज नांदेड, परभणी, हिंगोली आणि लातूर या चार जिल्ह्यांची कॉलेजेस त्याच्याकडे आहेत.

म्हणजे परभणी जिल्ह्यातल्या बीए, बीकॉम, बीएस्सीच्या विद्यार्थ्याला लागू होतं ते नांदेडचं पत्रक. परभणी शहरातल्या विद्यापीठाचं नाही आणि संभाजीनगरचंही नाही. ‘मराठवाडा विद्यापीठाच्या परीक्षा पुढे ढकलल्या’ एवढ्या एका ओळीवर तिन्हीकडचे विद्यार्थी गोंधळू शकतात. त्यात नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठातून शिकणारेही याच गावांत असतात. त्यांचं वेळापत्रक वेगळंच!

कलेक्टरांनी सुट्टी दिली, मग पेपर रद्द?

तसं नसतं. अतिवृष्टी झाली की जिल्हाधिकारी सुट्टीचा आदेश काढतात. तो त्यांच्या जिल्ह्यापुरताच असतो. नांदेडच्या जिल्हाधिकाऱ्यांनी दिलेली सुट्टी परभणी जिल्ह्यातल्या कॉलेजला लागू होत नाही. आदेशात फक्त ‘शाळा’ लिहिलंय की ‘महाविद्यालये’ही, हेही वाचावं लागतं.

विद्यापीठाचा पेपर पुढे गेला का, हे विद्यापीठाच्या परीक्षा विभागाच्या पत्रकावरून कळतं. पेपर पुढे ढकलला, तर त्याची नवी तारीख त्याच किंवा पुढच्या पत्रकात येते. ती तारीख दिसेपर्यंत अभ्यास थांबवू नका.

जाहीर झालेला निर्णय बदलू शकतो का?

हो, आणि आपण ते पाहिलंय. जून २०२० मध्ये कोरोनामुळे अंतिम वर्षाच्या परीक्षा न घेण्याचा निर्णय राज्य सरकारने जाहीर केला. बातमी खरी होती. पण ६ जुलैला विद्यापीठ अनुदान आयोगाने सांगितलं की अंतिम वर्षाची परीक्षा घ्यावीच लागेल. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. २८ ऑगस्टला निकाल आला की परीक्षेशिवाय पदवी देता येणार नाही. शेवटी परीक्षा झाल्या.

जूनमधल्या बातमीवर ज्यांनी पुस्तकं बांधून ठेवली, त्यांची धावपळ झाली. म्हणून एकाच विषयावर दोन पत्रकं असतील, तर शेवटच्या तारखेचं धरायचं.

पत्रक हातात आलं की काय बघायचं?

१. विद्यापीठाचं पूर्ण नाव. बोधचिन्हावर जाऊ नका, नाव वाचा.

२. तारीख, वर्षासकट. सोबत जावक क्रमांक आहे का? ‘हिवाळी’ की ‘उन्हाळी’ परीक्षा, तेही बघा.

३. अभ्यासक्रम, सत्र आणि पॅटर्न. जुन्या पॅटर्नचे विषय राहिलेल्यांचं वेळापत्रक वेगळं असू शकतं.

४. किती पानं आहेत? फोटोत बहुतेक वेळा पहिलंच पान येतं. आपल्या विषयाची तारीख मागच्या पानावर असते.

५. फॉर्मचं पत्रक असेल तर सगळ्या तारखा. विनाविलंब शुल्काची, विलंब शुल्काची आणि असेल तर त्यानंतरची. ग्रुपवर ‘शेवटची तारीख’ म्हणून फिरते ती अनेकदा दंडासहची असते.

यानंतर तेच पत्रक विद्यापीठाच्या संकेतस्थळावर शोधा. पत्त्याच्या शेवटी ‘डॉट एसी डॉट इन’ असायला हवं. हा पत्ता शैक्षणिक व संशोधन संस्थांनाच मिळतो. तिथे सापडलं नाही, तर कॉलेजच्या परीक्षा विभागात फोन करा.

विद्यापीठाकडूनच उशीर झाला तर?

मग तुम्हीही विचारू शकता. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायदा, २०१६ नुसार शेवटच्या पेपरनंतर ३० दिवसांत निकाल लावण्याचा प्रयत्न करायचा असतो आणि ४५ दिवसांत तो लागायलाच हवा. सूचना वेळेवर कळली नाही म्हणून फॉर्म राहिला, तर प्राचार्यांच्या नावे लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. तोंडी बोलण्याचा पुरावा उरत नाही. तिथे दाद लागली नाही तर विद्यार्थी तक्रार निवारण समितीकडे जाता येतं.

आणि पुढच्या वेळी ग्रुपवर टाकताना फोटोऐवजी संकेतस्थळाची लिंक टाका. सोबत एक ओळ लिहा: विद्यापीठ कोणतं, कोर्स कोणता, तारीख कुठली. तुमच्या या एका ओळीमुळे कुणाचा तरी पेपर चुकायचा राहील.