मासळीचं धुवण

कोळंबी सोलली की डोकी आणि सालं मिळून जवळजवळ निम्मं वजन टाकाऊ ठरतं. बंदरावरची घाण म्हटलं की डोळ्यांसमोर येतो तो हाच ढीग: माशा, घारी-कावळे, नको तो वास. समुद्राला मात्र ढिगापेक्षा मासळीचं धुवण महागात पडतं.

सुरिमीचंच, म्हणजे मासळीच्या धुतलेल्या खिम्याचंच, घ्या. रत्नागिरीच्या पट्ट्यात ती राणी माशासारख्या मासळीपासून बनते. खिमा थंडगार पाण्यात पुन्हा पुन्हा धुतला, की रक्त, चरबी आणि विरघळणारी प्रथिनं निघून जातात. जीवाणूंना ते आयतं जेवण. ते फस्त करताना पाण्यातला प्राणवायू किती खर्ची पडेल, हे ‘बीओडी’ सांगते. मासळी कारखान्याच्या कच्च्या सांडपाण्यात ती लिटरला हजार मिलिग्रॅमच्या पुढे सहज जाते. कोकणच्या उबदार समुद्रात मात्र लिटरमागे प्राणवायू असतो जेमतेम सहा मिलिग्रॅम. म्हणजे दोन हजार बीओडीचं एक लिटर धुवण तीनशेहून अधिक लिटर समुद्राचा प्राणवायू संपवू शकतं! उघड्या किनाऱ्यावर लाटा ही तूट भरून काढतात. अरुंद खाडीत ओहोटीला गेलेलं पाणी भरतीला परत येतं. शिवाय प्रथिनांतल्या नत्राचा अमोनिया होतो आणि शेवाळ फोफावतं.

त्यात वेळही वाईट. ३१ जुलैला मासेमारीबंदी संपते, कारखाने पुन्हा जोरात सुरू होतात. त्याच सुमारास, नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांच्या काळात, खोल अरबी समुद्रातलं प्राणवायूला पारखं झालेलं पाणी किनाऱ्याकडे वर सरकतं. पश्चिम किनाऱ्याच्या उथळ समुद्रात पावसाळ्याअखेर तळाचा प्राणवायू पार संपतो, हे गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतल्या संशोधकांनी २००० साली ‘नेचर’मध्ये मांडलं होतं.

उपाय अवघड नाही, कंटाळवाणा आहे. डोकी, आतडी, सालं पाण्याच्या फवाऱ्याने गटाराकडे ढकलण्याआधी कोरडीच उचलायची. जितकी भिजतील तितकं प्रथिन विरघळतं, आणि विरघळलेलं गटाराच्या जाळीत अडकत नाही. कोरडी सालं विकलीही जातात. त्यांतल्या कायटिनपासून कायटोसान बनवण्याचं तंत्र कोचीच्या केंद्रीय मात्स्यिकी तंत्रज्ञान संस्थेने विकसित केलं आहे. (त्याला आम्ल आणि अल्कली लागतात, त्यांचं सांडपाणी निराळंच. ‘कचऱ्यातून सोनं’ छापाच्या बातम्यांत हे सहसा येत नाही.)

किनाऱ्यालगत समुद्रात सोडायच्या सांडपाण्यासाठी बीओडीची केंद्राची सर्वसाधारण मर्यादा लिटरला १०० मिलिग्रॅम आहे. मे महिन्यात तेवढीच, ऑक्टोबरातही तेवढीच.