फील्ड लपवलं म्हणजे ते गेलं का?

फॉर्म सर्व्हरकडे कसा जातो ते आपण मागच्या वेळी पाहिलं. आज त्याच फॉर्ममधला काही भाग गरजेप्रमाणे कसा दाखवायचा आणि लपवायचा ते बघू.

समजा शिष्यवृत्तीचा अर्ज आहे. ‘वसतिगृहात राहता का?’ असा प्रश्न आहे. उत्तर ‘हो’ असेल तर वसतिगृहाचं नाव आणि वार्षिक खर्च ही २ फील्ड दिसली पाहिजेत, ‘नाही’ असेल तर दिसायला नकोत. आपण काय करतो? सीएसएसमध्ये ‘डिस्प्ले नन’ लिहितो. फील्ड गायब, जागाही मिटली. आपल्याला वाटतं, काम झालं.

आता बघा काय होतं. एका मुलीने आधी ‘हो’ निवडलं, खर्च ४०,००० लिहिला. मग चूक लक्षात आली म्हणून ‘नाही’ केलं. फील्ड लपलं, पण ते ४०,००० सर्व्हरकडे जातातच. कारण डिस्प्ले नन फक्त दिसण्यापुरतं आहे. फॉर्मच्या लेखी ते फील्ड तिथेच असतं.

दुसरी अडचण याहून वाईट. त्या फील्डला ‘रिक्वायर्ड’ लावलंय आणि ते लपलेलं, रिकामं आहे. क्रोममध्ये सबमिट दाबलं की ब्राउझर त्या फील्डवर फोकस न्यायला बघतो, पण फील्ड दिसतच नाही. मग फॉर्म जात नाही आणि पानावर संदेशही येत नाही. एरर येते ती कन्सोलमध्ये. कन्सोल आपण बघतो, अर्ज भरणारा नाही. शेवटच्या तारखेला तो बिचारा बटण दाबत बसतो.

उपाय सोपा आहे. दोन्ही फील्ड एका ‘फील्डसेट’मध्ये ठेवा. ‘नाही’ असेल तेव्हा त्या फील्डसेटला ‘हिडन’ आणि ‘डिसेबल्ड’ दोन्ही लावा. ‘हो’ असेल तेव्हा दोन्ही काढा. डिसेबल्ड फील्डची किंमत पाठवली जात नाही, आणि रिक्वायर्डची तपासणीही होत नाही. लिहिलेलं मात्र पुसलं जात नाही, त्यामुळे मुलीने परत ‘हो’ केलं तर तिला पुन्हा टाइप करावं लागत नाही.

हे करणारं फंक्शन ‘चेंज’ इव्हेंटला जोडाच, पण पान उघडतानाही एकदा चालवा. सर्व्हरने चुका दाखवून फॉर्म परत पाठवला, तर ‘हो’ आधीच निवडलेलं असतं. तिथे चेंज होत नाही, आणि फील्ड लपलेलंच राहतं.

एक प्रश्न आलाय: ‘ओपॅसिटी शून्य केली तर चालेल का?’ नाही. फील्ड दिसत नाही एवढंच. टॅब दाबल्यावर फोकस तिथे जातो आणि स्क्रीन रीडर ते वाचतो. न पाहता फॉर्म भरणाऱ्या माणसाला नको तो प्रश्न ऐकू येतो. ‘व्हिजिबिलिटी हिडन’मध्ये फोकस जात नाही, पण मोकळी जागा तशीच राहते.

शेवटचं, आणि हे वहीत लिहून ठेवा. लपवणं म्हणजे सुरक्षा नव्हे. डेव्हलपर टूल्स उघडून कोणीही डिसेबल्ड काढू शकतं. म्हणून ‘नाही’ आलं असेल तर खर्चाचा आकडा सर्व्हरनेही सोडून द्यायचा. तोच नियम, दोन्हीकडे.

पुढच्या भागात ही सर्व्हरची बाजू लिहू. तोवर तुमचा एखादा जुना फॉर्म उघडा, ‘हो’चं ‘नाही’ करा, आणि नेमकं काय पाठवलं जातंय ते नेटवर्क टॅबमध्ये बघा.