१९२७ चा संघ जिंकेल की १९९८ चा?

आज आपण एका अशा सामन्याबद्दल बोलणार आहोत, जो कधी झालाच नाही आणि कधी होणारही नाही. खेळ बेसबॉलचा, देश अमेरिका, शहर न्यूयॉर्क. आणि गंमत म्हणजे दोन्ही संघ एकाच नावाचे: न्यूयॉर्क यांकीज. एक १९२७ चा, दुसरा १९९८ चा. मधे ७१ वर्षं.

आपल्याकडे चार क्रिकेटवेडे जमले की गावस्कर मोठा की तेंडुलकर, हा वाद रंगतोच. चहा संपतो, वाद संपत नाही. अमेरिकेत बेसबॉलवाल्यांचं अगदी असंच असतं. फरक एवढाच की त्यांनी हा वाद सोडवायला फासे, तक्ते आणि पुढे संगणक हाताशी घेतले. हे नक्की कसं करतात ते आज बघू. आणि शेवटी मला स्वतःला या हिशेबात एक भोक कसं सापडलं, तेही सांगतो.

आधी दोन्ही संघांची ओळख. १९२७ च्या यांकीजनी १५४ सामन्यांच्या मोसमात ११० जिंकले आणि ४४ हरले. बेब रूथने त्या वर्षी ६० होमरन मारले. होमरन म्हणजे ढोबळमानाने आपला षटकार, पण कितीतरी दुर्मिळ. ६० हा आकडा किती मोठा, हे एका गोष्टीवरून कळेल. अमेरिकन लीगमध्ये तेव्हा आठ संघ होते. उरलेल्या सातपैकी एकाही अख्ख्या संघाला मिळून तेवढे होमरन मारता आले नाहीत! त्याचा जोडीदार लू गेरिग याने ४७ मारले. अंतिम मालिकेत यांनी पिट्सबर्गला सरळ चार सामन्यांत हरवलं.

१९९८ च्या संघाने १६२ पैकी ११४ सामने जिंकले आणि ४८ हरले. त्यांनीही अंतिम मालिका ४-० अशीच जिंकली, सॅन डिएगोविरुद्ध. या संघात रूथसारखा एकखांबी तंबू नव्हता. संघातला सगळ्यात जास्त होमरन मारणारा खेळाडू टिनो मार्टिनेझ, त्याचे होमरन २८. पण सगळा संघच भक्कम होता, आणि शेवटच्या डावात चेंडू हातात घ्यायला मारियानो रिव्हेरा होता.

आता यांना एकमेकांसमोर उभं कसं करायचं?

सगळ्यात जुना मार्ग पत्त्यांचा आणि फाशांचा. न्यूयॉर्कजवळ राहणाऱ्या हॅल रिचमन नावाच्या मुलाने वयाच्या अकराव्या वर्षी घरच्या घरी एक खेळ तयार केला. पुढे १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला तो 'स्ट्रॅट-ओ-मॅटिक' या नावाने विकायला आला. त्यात प्रत्येक खेळाडूचा एक पत्ता असतो. तीन फासे टाकायचे. पहिल्या फाशावर १, २ किंवा ३ पडले तर फलंदाजाचा पत्ता बघायचा. ४, ५ किंवा ६ पडले तर पिचरचा, म्हणजे चेंडू टाकणाऱ्याचा. उरलेल्या दोन फाशांची बेरीज करायची आणि पत्त्यावर त्या आकड्यासमोर काय लिहिलंय ते वाचायचं: बाद, साधा फटका, होमरन, जे असेल ते.

यातली युक्ती नीट समजून घ्या, कारण आजचा संगणकही मुळात हेच करतो. दोन फाशांच्या ३६ शक्यतांपैकी ७ ही बेरीज सहा वेळा येते, आणि २ फक्त एकदा. म्हणजे रूथच्या पत्त्यावर होमरन सातच्या आसपास छापायचा आणि एखाद्या किरकोळ फलंदाजाच्या पत्त्यावर तो दोनसमोर ढकलायचा. खेळाडूने वर्षभरात जे केलं, ते फाशांच्या भाषेत लिहून ठेवायचं. फासे कुणाची बाजू घेत नाहीत. सगळं पत्ता बनवणाऱ्याच्या हातात असतं.

दुसरा मार्ग त्याहून सुटसुटीत आहे. बिल जेम्स या बेसबॉल लेखकाने १९८० च्या सुमारास एक सूत्र मांडलं. दोन संघांची जिंकण्याची टक्केवारी माहीत असेल, तर ते समोरासमोर आल्यावर काय होईल, हे त्यावरून काढता येतं. १९२७ चा संघ ७१.४ टक्के सामने जिंकत होता, १९९८ चा ७०.४ टक्के. सूत्रात हे आकडे घातले की उत्तर येतं: १९२७ च्या संघाला एक सामना जिंकायची शक्यता ५१.३ टक्के. जवळजवळ छापा-काटाच.

मी हे लॅपटॉपवर करून पाहिलं. छोटा प्रोग्रॅम लिहिला आणि सात सामन्यांच्या दहा हजार मालिका खेळवल्या. साधारण ५,३०० मालिका १९२७ च्या संघाने जिंकल्या, ४,७०० दुसऱ्याने. मला वाटलं, झालं काम! जुनं तेच सोनं. पण मग एक शंका आली, आणि ती काही केल्या जाईना.

७१.४ टक्के हे खरं, पण कोणाविरुद्ध?

हीच या सगळ्या खेळाची मेख आहे. आकडा कधी एकटा उभा नसतो. एक उदाहरण देतो. बेसबॉलमध्ये फलंदाजाची सरासरी म्हणजे ढोबळमानाने हजार संधींत किती वेळा त्याने फटका मारून बेस गाठला. १९३० साली बिल टेरीने ४०१ ची सरासरी काढली. १९६८ साली कार्ल यास्ट्रेम्स्कीने फक्त ३०१. टेरी किती तरी सरस, नाही का? पण १९३० मध्ये टेरीच्या लीगमधल्या सगळ्या खेळाडूंची मिळून सरासरीच ३०३ होती. त्या वर्षी सगळेच झोडपत होते. उलट १९६८ हे पिचरांचं वर्ष. यास्ट्रेम्स्कीच्या लीगची सरासरी २३० होती, आणि ३०१ काढून तो लीगमध्ये पहिला आला. आता भागाकार करा. टेरी आपल्या काळाच्या ३२ टक्के वर, यास्ट्रेम्स्की ३१ टक्के वर. म्हणजे दोघे जवळजवळ सारखेच!

मग १९६९ मध्ये पिचर ज्या उंचवट्यावरून चेंडू टाकतो, तो १५ इंचांवरून १० इंचांवर आणला गेला आणि फलंदाजांना पुन्हा श्वास घेता आला. मैदानाची माती पाच इंच खाली गेली की सगळ्यांचे आकडे बदलतात. म्हणून चांगले सिम्युलेशन करणारे खेळाडूचा नुसता आकडा घेत नाहीत. त्या वर्षीच्या लीगच्या मानाने तो किती वर होता, हे घेतात. लीगची सरासरी ही त्यांची मोजपट्टी.

आता खरा प्रश्न. मोजपट्टीच आखूड असेल तर?

सामना १९२७ च्या नियमांनी खेळवायचा की १९९८ च्या, हे सिम्युलेशन सुरू करताना ठरवावं लागतं. १९२७ चे नियम म्हणजे पिचरने स्वतः फलंदाजीही करायची. दिव्यांच्या उजेडातले सामने नाहीत. मोठ्या लीगमध्ये पहिला रात्रीचा सामना झाला तो १९३५ मध्ये. चेंडू टाकायला सुरुवात करणाऱ्यानेच शक्यतो सामना संपवायचा. हे सगळं प्रोग्रॅममध्ये घालता येतं. मी घातलंही. पण १९२७ चा आणखी एक नियम होता, जो कुठल्याही नियमपुस्तकात छापलेला नव्हता. कृष्णवर्णीय खेळाडूला मोठ्या लीगमध्ये खेळू द्यायचं नाही. हा अलिखित नियम १८८० च्या दशकापासून १९४७ पर्यंत चालला. १५ एप्रिल १९४७ रोजी जॅकी रॉबिन्सन ब्रुकलिन डॉजर्सकडून मैदानात उतरला, तेव्हा तो मोडला.

आता १९९८ चा संघ डोळ्यांसमोर आणा. पनामाचा मारियानो रिव्हेरा, पोर्तो रिकोचा बर्नी विल्यम्स, ज्याचे वडील कृष्णवर्णीय तो डेरेक जीटर, डॅरिल स्ट्रॉबेरी, टिम रेन्स. सामना खरोखर १९२७ च्या नियमांनी खेळवायचा, तर यांतल्या कितीजणांना मैदानाच्या दारातून आत सोडतील? हा प्रश्न पडला तेव्हा माझ्या लक्षात आलं की जुन्या नियमांनी सामना खेळवणारी सगळी सिम्युलेशनं हा एक नियम गुपचूप मोडतात. तो मोडायलाच हवा. पण मोडतोय हे मोठ्याने म्हणत कोणी नाही. आणि एकदा तो मोडला, की उलट्या बाजूनेही विचारावं लागतं: रूथचा संघ ज्या लीगमध्ये ७१.४ टक्के जिंकला, त्या लीगमधून कोण बाहेर ठेवलं गेलं होतं?

ज्या उन्हाळ्यात रूथ न्यूयॉर्कमध्ये होमरन मारत होता, त्याच उन्हाळ्यात अलाबामातल्या बर्मिंगहॅममध्ये एकवीस वर्षांचा सॅचेल पेज कृष्णवर्णीयांच्या लीगमध्ये चेंडू टाकत होता. त्याला मोठ्या लीगचं दार उघडलं ते १९४८ मध्ये, वयाच्या ४२ व्या वर्षी. त्या वयातही त्याने क्लीव्हलँडसाठी सहा सामने जिंकले आणि एकच हरला. विशी-तिशीतला पेज कसा असेल, याचा अंदाज तुम्हीच करा. असे पिचर १९२७ च्या लीगमध्ये असते, तर रूथचे होमरन ६० च झाले असते का?

हे तपासायला मी प्रोग्रॅममधला एकच आकडा बदलला. समजा, सगळ्यांना खुल्या असलेल्या लीगमध्ये १९२७ चा संघ ७१ ऐवजी ६० टक्के सामने जिंकला असता. हे मी केवळ धरून चालतोय, सिद्ध करत नाहीये. पुन्हा दहा हजार मालिका खेळवल्या. आता १९२७ चा संघ शंभरातल्या सुमारे २७ मालिकाच जिंकतो. ५३ वरून थेट २७. फासे तेच, सूत्र तेच. बदललं ते एक गृहीतक.

म्हणून कोणी म्हणालं, "संगणकाने सांगितलं, अमका संघ जिंकेल," तर विचारायचं: बाबा रे, कोणत्या गृहीतकावर?

आता एका खेळाडूबद्दल सांगतो आणि थांबतो. जॉश गिब्सन. विकेटकीपरसारखा फलंदाजामागे बसणारा कॅचर, आणि कृष्णवर्णीयांच्या लीगमधला सगळ्यात दांडगा फलंदाज. हॉल ऑफ फेममधल्या त्याच्या फलकावर जवळपास ८०० होमरनचा उल्लेख आहे. पण त्यांतले कितीतरी गावोगावच्या प्रदर्शनी सामन्यांतले. लीगचे अधिकृत सामने थोडे आणि त्यांच्या नोंदी विखुरलेल्या. गोऱ्यांच्या लीगच्या प्रत्येक सामन्याचा तपशील मोठी वर्तमानपत्रं छापत. यांचे आकडे कृष्णवर्णीय समाजाच्या वर्तमानपत्रांत सापडले तर सापडले. २० जानेवारी १९४७ ला गिब्सन वारला. वय ३५. रॉबिन्सन मैदानात उतरायला तीन महिनेही उरले नव्हते.

मघाशी मी म्हणालो की सगळं पत्ता बनवणाऱ्याच्या हातात असतं. पण पत्ता बनवायला आकडे लागतात. ज्याचे आकडे कोणी जपले नाहीत, त्याचा पत्ता नाही. ज्याचा पत्ता नाही, तो काल्पनिक सामन्यातही खेळू शकत नाही. जिवंतपणी एकदा बाहेर ठेवलं, आणि मग कल्पनेतूनही.

हे हळूहळू दुरुस्त होत गेलं ते चिकाटीने जुन्या वर्तमानपत्रांच्या फायली चाळणाऱ्या लोकांमुळे. त्यांनी एकेका सामन्याचा तक्ता शोधून काढला. २००९ मध्ये स्ट्रॅट-ओ-मॅटिकने कृष्णवर्णीय लीगच्या खेळाडूंचे पत्ते काढले. डिसेंबर २०२० मध्ये मेजर लीग बेसबॉलने १९२० ते १९४८ मधल्या या लीगना मोठ्या लीगचा दर्जा दिला, आणि मे २०२४ मध्ये २,३०० हून अधिक खेळाडूंचे आकडे अधिकृत नोंदींत आले. त्या दिवशी कारकिर्दीतल्या सरासरीच्या यादीत टाय कॉबचं ३६७ दुसऱ्या क्रमांकावर गेलं. पहिल्या क्रमांकावर आला जॉश गिब्सन, ३७२. मरून ७७ वर्षं झाल्यावर.

काही जणांची हरकत आहे की त्याचे सामने कमी, तुलना कशी करायची? हरकत योग्य आहे. सामने कमी का, हेही त्याच वाक्यात सांगितलं तर अधिक योग्य होईल.

मग १९२७ चा संघ जिंकेल की १९९८ चा? माझं मत विचाराल तर १९९८ चा, कारण तो जास्त खुल्या लीगमध्ये जिंकला. पण हे मत आहे, निकाल नाही. तुम्हीही घरी करून बघा. वही घ्या, दोन फासे घ्या, आपल्या आवडत्या खेळाडूंचे पत्ते बनवा. आणि सामना सुरू करायच्या आधी एकदा विचारा: कोणाचा पत्ता बनवायचा राहिलाय?