डी ड्राइव्ह म्हणजे बॅकअप नव्हे!

हा भाग तुम्ही मोबाईलवर ऐकताय, पण आजचा विषय आहे घरातल्या कोपऱ्यात कव्हर घालून ठेवलेला डेस्कटॉप. तुमचे लहानपणीचे फोटो, बाबांच्या धंद्याचे हिशेब, ताईच्या लग्नाचा व्हिडिओ, सगळं त्याच्यातच आहे. आणि तो आता सुरू व्हायलाच पंधरा मिनिटं घेतो.

अशा वेळी घरोघरी एकच वाक्य ऐकू येतं, "फॉरमॅट मारून घेऊ." माझं म्हणणं, जरा थांबा. आधी बॅकअप, मग दुरुस्ती. रॅम गेली तर दुसरी मिळते. आजीचा फोटो दुकानात मिळत नाही.

"पण आमचा डेटा डी ड्राइव्हला आहे ना!" हे मी इतक्या वेळा ऐकलंय! घरच्या जुन्या पीसीत सी आणि डी हे बहुतेक वेळा एकाच हार्ड डिस्कचे दोन भाग असतात. एकाच कपाटाचे दोन खण म्हणा ना. सी फॉरमॅट केली तर डी वाचते, एवढंच खरं. डिस्कच गेली की दोन्ही गेले. शिवाय डेस्कटॉपवरच्या आणि डॉक्युमेंट्समधल्या फाइली सहसा सीवरच असतात.

आता डिस्कची तब्येत कशी बघायची? आधी कान द्या. आत तबकड्या मिनिटाला ५४०० किंवा ७२०० वेळा फिरत असतात. एका लयीत टक-टक आवाज येत असेल तर मशीन लगेच बंद करा. चेकडिस्क वगैरे चालवू नका, मरायला टेकलेल्या डिस्कवर त्याने आणखी ताण येतो. अशी डिस्क थेट डेटा रिकव्हरीवाल्याकडे न्यावी. आवाज नसेल तर क्रिस्टलडिस्कइन्फो हे फुकट सॉफ्टवेअर टाका. ते 'गुड' म्हणालं तरी बॅकअप घ्याच, 'कॉशन' म्हणालं तर आजच घ्या.

विंडोज सुरूच होत नाही? तरी डेटा गेला असं समजू नका. दुसऱ्या कॉम्प्युटरवर लिनक्स मिंटचा बूटेबल पेन ड्राइव्ह बनवा, त्यावरून पीसी सुरू करा. काहीही इन्स्टॉल न करता तुमच्या फाइली दिसतील आणि कॉपी करता येतील. फक्त 'इन्स्टॉल' बटणाला हात लावू नका.

कॉपी करताना दोन गोष्टी. एक, पेन ड्राइव्ह एफएटी३२ असेल तर ४ जीबीची किंवा त्याहून मोठी फाइल त्यावर जात नाही. लग्नाचा व्हिडिओ इथेच अडकतो. ड्राइव्ह रिकामा असताना तो एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करा. दोन, श्रीलिपी किंवा कृतिदेवमध्ये टाइप केलेली जुनी मराठी पत्रं असतील तर विंडोजच्या फॉन्ट्स फोल्डरमधले ते फॉन्टही सोबत घ्या. नाहीतर नव्या मशीनवर मराठीच्या जागी नुसती इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसेल.

किती कॉप्या? ३-२-१ लक्षात ठेवा. एकूण तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक घराबाहेर. म्हणजे पीसी, एक्स्टर्नल डिस्क आणि क्लाउड. क्लाउड नको असेल तर एक डिस्क मावशीच्या घरी ठेवा. आणि कॉपी झाल्यावर चार-पाच फाइली दुसऱ्या मशीनवर उघडून बघा. न उघडणारा बॅकअप काय कामाचा?

हे झालं की बिनधास्त दुरुस्तीला लागा. दर वेळी तारीख मागे जाते आणि वेबसाइट सिक्युरिटीचा एरर देतात? मदरबोर्डवरचा सीआर२०३२ सेल बदला. चालू करताना बीप-बीप होतं आणि स्क्रीन काळी? वायर काढून, रॅम बाहेर काढा, तिच्या सोनेरी पट्ट्या खोडरबरने हलक्या हाताने पुसा, परत घट्ट बसवा. आपोआप बंद पडतो? पंख्यातली धूळ काढा, तरी नाही जमलं तर एसएमपीएस तपासून घ्या. फक्त एसएमपीएस स्वतः उघडू नका, वायर काढल्यावरही आत करंट साठलेला असतो.

आणि हो, विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. त्यामुळे जुन्या पीसीवर बँकेचे व्यवहार टाळलेले बरे.

या रविवारी एवढंच करा, एक्स्टर्नल डिस्क जोडा आणि सगळ्यात आधी फोटोंचं फोल्डर कॉपीला लावा. बाकीचं नंतर. भेटू पुढच्या भागात!