विश्लेषण : बुलढाण्यातून व्यावसायिक फुटबॉलपर्यंतची वाट कुठे अडते?

फुटबॉल खेळणाऱ्या मुलाचे पालक साधारणपणे मुलगा दहावीला गेला की विचारतात, ‘यात पुढे काही आहे का?’ प्रश्न रास्त आहे, पण तो तीन-चार वर्षे उशिरा विचारला जातो. शाळा, जिल्हा, महाविद्यालय, विद्यापीठ अशी शिडी चढत गेले की वरच्या टोकाला व्यावसायिक क्लब भेटेल, असा बहुतेकांचा समज असतो. प्रत्यक्षात व्यावसायिक फुटबॉलची वाट या शिडीपासून बारा-तेराव्या वर्षीच वेगळी होते. बुलढाण्यासारख्या जिल्ह्यातील मुलांसाठी याचा अर्थ काय आणि त्यांच्या हाती काय उरते?

शालेय फुटबॉलची रचना कशी आहे?

बुलढाणा जिल्ह्यात १३ तालुके आहेत. येथील बहुतेक मुलांचा पहिला अधिकृत सामना शालेय क्रीडा स्पर्धेत होतो. या स्पर्धा १४, १७ आणि १९ वर्षांखालील गटांत होतात आणि जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालय त्यांचे आयोजन करते. जिल्ह्यातील विजेता संघ अमरावती विभागात खेळतो. राज्यातील आठ विभागांचे संघ पुढे राज्य स्पर्धेत भिडतात. भारतीय हवाई दलाच्या पुढाकाराने १९६० मध्ये सुरू झालेली सुब्रतो चषक स्पर्धाही याच मार्गाने जाते.

रचना कागदावर नेटकी आहे, पण सामने बाद पद्धतीने होतात. शाळेचा संघ पहिलाच सामना हरला, तर त्या मुलांचा वर्षभराचा अधिकृत खेळ तासाभरात संपतो. त्यातही या स्पर्धा पावसाळ्यात सुरू होतात. विदर्भातील शाळा उन्हामुळे जूनच्या अखेरीस उघडतात. त्यामुळे सरावाला जेमतेम काही आठवडे मिळतात आणि तेही चिखलात. तेराव्या वर्षी मुलाने अधिकृत सामने किती खेळले, याचा हिशेब केला तर अनेकांच्या बाबतीत तो हाताच्या बोटांवर संपतो.

व्यावसायिक क्लब कोणत्या वयात खेळाडू हेरतात?

क्लब आणि अकादम्यांची पहिली चाळणी बारा-तेराव्या वर्षी लागते. अखिल भारतीय फुटबॉल महासंघाच्या युवा लीग १३, १५ आणि १७ वर्षांखालील गटांत होतात आणि त्यांत प्रामुख्याने अकादम्या व क्लबांचे संघ असतात. नवी मुंबईत २०१५ पासून चालणारी ‘रिलायन्स फाउंडेशन यंग चॅम्प्स’ ही निवासी अकादमी निवडलेल्या मुलांचे प्रशिक्षण आणि शिक्षण पूर्ण शिष्यवृत्तीवर करते, पण तिची निवडही कोवळ्या वयातच होते. २०२२ मध्ये सुरू झालेल्या रिलायन्स फाउंडेशन डेव्हलपमेंट लीगमध्ये क्लब आपले तरुण खेळाडू उतरवतात. ते बहुधा आधीच अकादमीत घडलेले असतात.

चेंडू थांबवणे, मान वर करून पास देणे, मोकळी जागा ओळखणे या सवयी आठ ते तेरा या वयात भराभर अंगवळणी पडतात, हे यामागचे कारण. म्हणूनच महासंघाने २०१८ मध्ये लहान मुलांसाठी ‘गोल्डन बेबी लीग’ ही योजना आणली. छोटे मैदान, कमी खेळाडू आणि भरपूर सामने, असे तिचे स्वरूप आहे.

याच मातीतून तिरंदाज घडतो, मग फुटबॉलपटू का नाही?

बुलढाण्याच्या प्रथमेश जावकरने मे २०२३ मध्ये शांघाय येथील तिरंदाजी विश्वचषकात कम्पाउंड प्रकारात सुवर्ण जिंकले. त्याच वर्षी हांगझोऊ आशियाई क्रीडा स्पर्धेत सांघिक सुवर्णही मिळवले. म्हणजे गुणवत्ता आणि चिकाटी यांची येथे वानवा नाही.

फरक खेळाच्या स्वरूपात आहे. तिरंदाजाचे गुण बुलढाण्यात मोजा किंवा शांघायमध्ये, निशाण तेच असते. एक चांगला प्रशिक्षक, धनुष्य आणि सरावाची जागा मिळाली की त्याला स्वतःची पातळी रोज कळते. फुटबॉलपटूला मात्र मैदानात आणखी एकवीस जण लागतात आणि तेही तोडीस तोड. समोरचा संघ कच्चा असेल तर सहा गोल करूनही मुलगा काहीच शिकत नाही. त्यामुळे फुटबॉलमध्ये एकट्याची जिद्द पुरत नाही, आसपास सतत सामने होणारी लीग असावी लागते.

कोल्हापूरने हे कसे साधले?

कोल्हापुरात पाटाकडील, बालगोपाल, दिलबहार, खंडोबा अशा तालमींचे फुटबॉल संघ आहेत. कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनची लीग आणि शाहू स्टेडियमवर होणाऱ्या स्पर्धा यांमुळे तेथे हंगामभर सामने होतात. पेठेतील पोराला मोठ्यांचा खेळ पाहायला मिळतो आणि पुढे त्याच संघाची जर्सी घालता येते.

अनिकेत जाधव हा याच शहराचा. रिक्षाचालकाचा हा मुलगा शासनाच्या क्रीडा प्रबोधिनीतून पुण्यात आला, तेथून पुणे एफसीच्या अकादमीत आणि पुढे २०१७ च्या १७ वर्षांखालील विश्वचषकात भारतीय संघात पोहोचला. त्याच संघातील नमित देशपांडे मुंबईत जन्मलेला, पण अमेरिकेत न्यू जर्सीच्या युवा क्लबमध्ये घडलेला. दोघांच्या वाटा वेगळ्या असल्या तरी दोघांनाही लहान वयात नियमित प्रशिक्षण आणि सामने मिळाले.

या विश्वचषकापूर्वी, १५ सप्टेंबर २०१७ रोजी, महाराष्ट्रात ‘मिशन वन मिलियन’ झाले. राज्यभर एकाच दिवशी दहा लाख मुलांनी फुटबॉल खेळावा, अशी ती कल्पना होती. उत्साह दांडगा होता. पण एका दिवसाच्या उत्सवाने खेळाडू घडत नाहीत, त्यासाठी दर शनिवारचा सामना लागतो.

महाविद्यालयातून व्यावसायिक क्लबपर्यंत जाता येते का?

अमेरिकेत महाविद्यालयीन फुटबॉल हा व्यावसायिक खेळाचा एक मान्य दरवाजा आहे. तेथील मेजर लीग सॉकरचे क्लब २००० पासून ‘सुपरड्राफ्ट’ पद्धतीने महाविद्यालयीन खेळाडू निवडत आले आहेत. अर्थात, क्लबांच्या स्वतःच्या अकादम्या वाढल्यावर तेथेही या दरवाजाचे महत्त्व घटले.

भारतात अशी निवड पद्धत नाही. बुलढाण्यातील महाविद्यालये संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठाशी संलग्न आहेत. अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलढाणा आणि वाशीम हे त्याचे पाच जिल्हे. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेतून विद्यापीठाचा संघ निवडला जातो, तो पश्चिम विभागात खेळतो आणि पात्र ठरल्यास अखिल भारतीय स्पर्धेत जातो. २०२० पासून खेलो इंडिया विद्यापीठ स्पर्धांचीही भर पडली आहे. पण या मैदानांवर क्लबांचे निवडकर्ते रांगा लावत नाहीत. वीस वर्षांच्या खेळाडूची त्यांना गरज असते तेव्हा अकादमीत सात-आठ वर्षे काढलेला तरुण त्यांच्यासमोर असतो.

मग महाविद्यालयीन फुटबॉल निरुपयोगी का? मुळीच नाही. राज्य शासनाच्या नोकऱ्यांत खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण आहे. रेल्वे, पोलीस यांसारख्या ठिकाणीही क्रीडा कोट्यातून भरती होते. शारीरिक शिक्षण, प्रशिक्षक परवाना, पंच या वाटाही येथूनच फुटतात. मात्र स्पर्धा मान्यताप्राप्त असावी लागते आणि आरक्षणासाठी प्रमाणपत्राची क्रीडा विभागाकडून पडताळणी होते. गावोगावच्या चषकांची रंगीत प्रमाणपत्रे तेथे चालत नाहीत.

नोंदणी आणि वयाचा पुरावा इतका महत्त्वाचा का?

महासंघाच्या केंद्रीय प्रणालीत खेळाडूची नोंद होते आणि त्याला ओळख क्रमांक मिळतो. कोणत्या वर्षी कोणत्या क्लबकडे होता, याची ती अधिकृत पाटी असते. आंतरराष्ट्रीय फुटबॉल महासंघाच्या, म्हणजे फिफाच्या नियमांनुसार खेळाडू मोबदला देऊन दुसऱ्या देशातील क्लबकडे गेला, तर त्या रकमेतील ५ टक्के वाटा वयाच्या १२ ते २३ या काळात त्याला घडवणाऱ्या क्लबांत वाटला जातो. नोंदच नसेल तर गावच्या क्लबचा हक्कही राहत नाही.

वयाबाबत तडजोड तर अंगलटच येते. युवा स्पर्धांत मनगटाच्या क्ष-किरण तपासणीवरून हाडांचे वय काढले जाते. शाळेत घालताना लिहिलेली अंदाजे जन्मतारीख आणि जन्मदाखला जुळत नसेल, तर चांगला खेळाडूही बाहेर राहतो. हे दाखले निवड चाचणीच्या आदल्या दिवशी दुरुस्त होत नाहीत.

पालकांनी सावध कुठे राहावे?

‘परदेशी क्लबची ट्रायल’ म्हणून हजारो रुपये मागणाऱ्या जाहिराती हा सर्वांत मोठा सापळा. क्लब महासंघाशी संलग्न आहे का, अकादमीला महासंघाचे मानांकन आहे का, मध्यस्थाकडे फिफाचा परवाना आहे का, हे आधी तपासावे. अल्पवयीन खेळाडूशी संपर्क साधण्यापूर्वी मध्यस्थाने पालकांची लेखी संमती घेणे बंधनकारक आहे. अठरा वर्षांखालील खेळाडूचा व्यावसायिक करार तीन वर्षांपेक्षा जास्त असू शकत नाही.

वरचे टोकही निमुळते आहे. इंडियन सुपर लीगच्या २०२५-२६ हंगामात १४ क्लब होते. महाराष्ट्राचा त्यात एकच, मुंबई सिटी. महिंद्रा युनायटेड, पुणे एफसी, मुंबई एफसी, एफसी पुणे सिटी हे राज्यातील संघ एकामागून एक बंद पडले. त्यात जुलै २०२५ मध्ये लीगचा हंगामच स्थगित झाला, काही क्लबांनी पगार थांबवले आणि सामने सुरू व्हायला फेब्रुवारी २०२६ उजाडले. व्यावसायिक झालेल्या खेळाडूंवर ही वेळ आली, तर चाचणीच्या रांगेतील मुलाने शाळा सोडणे किती धोक्याचे, हे वेगळे सांगायला नको.

जिल्ह्यात काय करता येईल?

स्टेडियमची वाट पाहत बसण्याची गरज नाही. आठ ते तेरा वयाच्या मुला-मुलींसाठी खामगाव, शेगाव, मलकापूर, चिखली अशा ठिकाणी शाळांच्या मैदानांवर साखळी पद्धतीने सामने झाले, हरणाऱ्या संघालाही पुढच्या आठवड्यात खेळायला मिळाले, तर सर्वांत मोठी उणीव भरून निघेल. नागपुरात क्रीडा शिक्षक विजय बारसे यांनी २००१ मध्ये झोपडपट्टी फुटबॉल सुरू केले, तेव्हा त्यांच्याकडेही स्टेडियम नव्हते. मुले होती आणि स्पर्धा भरवण्याची जिद्द होती.

बुलढाणा शहराला आजही रेल्वे नाही. मुंबईतील निवड चाचणीसाठी मलकापूर किंवा शेगावहून गाडी पकडावी लागते. तो प्रवास एखाद्या रात्रीचा आहे. पण निवड चाचणीत शेजारी उभ्या असलेल्या मुलाने शेकडो सामने खेळलेले असतात आणि आपल्या मुलाने दहा. ते अंतर कापायचे असेल, तर सुरुवात तिसरी-चौथीच्या वर्गापासून आणि गावातल्याच मैदानावर करावी लागेल.