सामान पोहोचते, पत्ता मागे राहतो

थॉमस होम्स आणि रिचर्ड राहे या अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांनी १९६७ मध्ये आयुष्यातील ४३ घटनांची एक मापनश्रेणी प्रसिद्ध केली; नव्या परिस्थितीशी जुळवून घेताना माणसाची किती शक्ती खर्ची पडते, हे अंकांत मांडण्याचा तो प्रयत्न होता. जोडीदाराच्या मृत्यूला तीत १०० अंक आहेत, तर राहते घर बदलण्याला अवघे २०. एवढ्यावरून घरबदल किरकोळ वाटेल, परंतु शाळा बदलणे २०, कामाच्या वेळा किंवा स्वरूप बदलणे २०, राहणीमान बदलणे २५, असे वेगळे अंकही त्याच श्रेणीत आहेत आणि बिऱ्हाड हलवणाऱ्या कुटुंबावर ही सारी बेरीज बहुधा एकदमच येऊन पडते. ती एकाच आठवड्यात पडू न देणे, हेच नियोजनाचे खरे काम आहे.

बेळगावला लागून वेंगुर्ला रस्त्यावर वसलेल्या हिंडलग्यात महाराष्ट्रातून येणाऱ्या कुटुंबासाठी ही बेरीज आणखी वाढते. हाच रस्ता पुढे सुळगा आणि बाची ही गावे ओलांडून शिनोळीला, म्हणजे महाराष्ट्रातील चंदगड तालुक्यात, शिरतो. १ नोव्हेंबर १९५६ पूर्वी चंदगड हा बेळगाव जिल्ह्याचाच तालुका होता. राज्यपुनर्रचनेत तो मुंबई राज्यात राहिला आणि उरलेला जिल्हा तत्कालीन म्हैसूर राज्यात गेला. त्यामुळे आजोबांच्या काळी जिल्ह्यातल्या जिल्ह्यात होणारे स्थलांतर आज, अंतर तेवढेच असूनही, परराज्यातले ठरते. टेम्पो एका दिवसात सामान पोहोचवतो. कागदपत्रांवरचा पत्ता मात्र कित्येक महिने मागे रेंगाळतो आणि कुटुंबाला खरा मनस्ताप तेथेच होतो.

यात मुलांच्या शाळेचा प्रश्न सर्वाधिक नाजूक असून नियोजनाचा आरंभ तेथूनच व्हायला हवा. कर्नाटकातील शाळा साधारणपणे मेअखेरीस उघडतात, तर पश्चिम महाराष्ट्रातील शाळा जूनच्या मध्यावर. महाराष्ट्राच्या वेळापत्रकावर विसंबून जूनमध्ये निघालेल्या कुटुंबाचे मूल नव्या वर्गात पोहोचते, तेव्हा तेथे धडे सुरू झालेले असतात. म्हणून शाळा सोडल्याचा दाखला वार्षिक निकाल लागताच घ्यावा. बेळगाव परिसरात मराठी माध्यमाच्या शाळा असल्याने शिक्षणाची भाषा बदलावीच लागते असे नाही, परंतु कर्नाटकाच्या २०१५ च्या कन्नड भाषा अध्ययन कायद्याने पहिली किंवा दुसरी भाषा म्हणून कन्नड शिकणे टप्प्याटप्प्याने बंधनकारक केले आहे. सातवी-आठवीत, कन्नडचे एकही अक्षर ओळखीचे नसताना वर्गात बसणाऱ्या मुलावर केवढा भार येतो, हे त्या दिवसांत बांधाबांधीत गुंतलेल्या मोठ्यांच्या लक्षातही येत नाही. कन्नड आणि देवनागरी या लिप्यांची वळणे वेगळी असली, तरी वर्णमालेचा क्रम बहुतांशी सारखाच असल्यामुळे आदल्या दिवाळीपासून रोज थोडा वेळ दिला, तर मूल निदान पाट्या आणि सोपे शब्द वाचू लागते. दहावीच्या वर्षी स्थलांतर शक्यतो टाळावेच.

वाहनाचा कागद हा दुसरा वेळखाऊ विषय. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ४७ नुसार एका राज्यात नोंदलेले वाहन दुसऱ्या राज्यात १२ महिन्यांहून अधिक काळ ठेवल्यास त्याची तेथे नव्याने नोंदणी करावी लागते. त्यासाठी आधी मूळ परिवहन कार्यालयाचा, म्हणजे चंदगडकरांच्या बाबतीत कोल्हापूरचा, ना-हरकत दाखला लागतो आणि वाहनावर कर्ज असल्यास बँकेची संमतीही लागते. जातीच्या दाखल्यावर मिळणारे आरक्षण तर स्थलांतरिताबरोबर आपोआप सीमा ओलांडत नाही, ही गोष्ट घर ठरवण्यापूर्वीच विचारात घ्यायला हवी.

बाकीची कामे लहान आहेत. मतदारयादीतील पत्ता नमुना ८ भरून बदलता येतो. महावितरणच्या मीटरवरील शेवटच्या आकड्याचे छायाचित्र, आणि नव्या घरी हेस्कॉमच्या, म्हणजे हुबळी वीजपुरवठा कंपनीच्या, मीटरवरील पहिल्या आकड्याचे छायाचित्र जपून ठेवले, की बिलाचा वाद उद्भवत नाही.

दिवस निवडताना या भागातील पाऊस विसरून चालत नाही, कारण जून ते सप्टेंबर गाद्या, पुस्तके आणि धान्याची पोती कोरडी पोहोचवणे कठीण असते. वास्तुशांतीचे मुहूर्तही चातुर्मासात बहुधा धरले जात नाहीत. तरीही मुहूर्त आणि सामान हलवण्याचा दिवस एकच असावा, असा आग्रह धरण्याचे कारण नाही. कलश, देव आणि दिवा मुहूर्तावर नेऊन सामान पुढच्या सोयीच्या दिवशी नेले, तर विधीही शांतपणे होतो आणि पाहुण्यांच्या पायांत खोकीही येत नाहीत. अडचण येते ती चुलीची: गावाबाहेर जाताना सिलिंडर आणि रेग्युलेटर जुन्या गॅस एजन्सीकडे परत करून, अनामत रक्कम घेऊन, जोडणी बंद केल्याची पावती नव्या एजन्सीकडे द्यावी लागते आणि मधले काही दिवस गॅसविना जाऊ शकतात. मुहूर्तावर दूध उतू घालण्याच्या सकाळी निदान एक विजेची शेगडी, दुधाचे पातेले आणि घरातील वृद्धांचे अंथरूण आधीच नव्या घरात पोहोचलेले असावे.